दाजींची भूक

"या काट्यावर शिक्का कुठाय?" दाजींनी विचारलं.

डॉक्टर शिरगुप्पे दाजींकडे बघत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दाजी मिरजेच्या त्या दवाखान्यात वजनकाट्यावर उभे होते. उभे म्हणजे अर्धे ओणवे. पोटावरची शिवण अजून ओढत होती, तरी मान तिरकी करून ते काट्याच्या पाठीमागे काही सापडतंय का ते बघत होते.

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. तो नसेल तर काटा काय म्हणतो याला अर्थ नाही. बिनशिक्क्याचा काटा म्हणजे नुसती अफवा."

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दत्ताजीराव खराडे, सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सांगली, तासगाव, विटा, सगळ्या बाजारांत त्यांची जीप दिसली की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग घाम. निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या जठरात गाठ निघाली आणि शिरगुप्प्यांनी जठर सगळंच काढून टाकलं. आतडं वर ओढून थेट अन्ननलिकेला जोडलं. हे सगळं दोन महिन्यांपूर्वीचं.

"अफवा असली तरी वाईट आहे साहेब," डॉक्टर म्हणाले. "वजन पुन्हा उतरलंय. जेवता का नीट?"

"जेवतो की."

"भूक लागते?"

दाजी काट्यावरून उतरले. चपला शोधल्या, पायांत घातल्या. माझी अक्का दाराशी स्टुलावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. पिशवीचे बंद तिनं बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"नाही," दाजी म्हणाले.

अक्काचं बोट थांबलं.

"अजिबात?"

"ऑपरेशन झाल्यापासून एकदाही नाही. मला वाटलं, औषधांनी असेल."

आता, दाजींना भूक लागत नाही हे वाक्य आमच्या सबंध नात्यागोत्यात कुणाला खरं वाटलं नसतं. लग्नाचा आचारी सामानाची यादी करताना आधी विचारायचा, "खराडे साहेब येणार आहेत का?" होकार मिळाला की पेन पुन्हा उघडायचा. माझ्या लग्नात नवरा कोण होता हे पुष्कळांना आता आठवत नाही. दाजी किती जिलब्या जेवले ते आठवतं. बरं, खाणं नुसतं अफाट नव्हतं, देखणं होतं. पानावर काहीही राहायचं नाही, घाई नाही, आवाज नाही. वाढणारा दमून बाजूला उभा राहिला की दाजी त्याच्याकडे सहानुभूतीनं बघायचे.

शिरगुप्प्यांनी एक कागद पालथा केला आणि पोटाचं चित्र काढलं. चित्र हुबेहूब बटव्यासारखं आलं.

"हे बघा. पोट रिकामं झालं की या वरच्या भागातून एक हार्मोन रक्तात सुटतं. ग्रेलिन म्हणतात. ते मेंदूच्या तळाशी जाऊन सांगतं, जेवण पाठवा. त्यालाच आपण भूक म्हणतो. जेवण झालं की आतडी दुसरी हार्मोन्स सोडतात. ती मेंदूला सांगतात, पुरे आता. तुमचा हा वरचा भागच आपण काढलाय, त्यामुळं पहिला निरोप जवळजवळ बंद. आणि अन्न थेट आतड्यात उतरतं म्हणून 'पुरे'चा निरोप मात्र लवकर जातो आणि मोठ्यानं जातो."

दाजींनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे अर्ज करणारा कारकून तुम्ही काढलात," ते म्हणाले, "आणि नामंजूर करणारे साहेब तेवढे ठेवलेत."

डॉक्टर हसले. मीही हसलो. अक्का हसली नाही.

"नोकरीत असताना अशी ऑफिसं पाहिलीत मी," दाजी पुढं म्हणाले. "काम बंद पडतं."

"तेच सांगतोय. भुकेची वाट बघू नका, ती येणार नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, गोड टाळायचं. एक लक्षात घ्या साहेब, गाठ मी काढलीय. पण हे वजन असंच उतरत राहिलं, तर गाठीनं जे केलं नाही ते उपासानं होईल. वहिनी, तुम्ही ऐकताय ना?"

"हो," अक्का म्हणाली.

"हार्मोनलासुद्धा सवय असते बरं का. तुम्ही रोज बाराला जेवत असाल तर जरा आधीच भुकेचा निरोप निघतो. वेळ शिकतं ते. दोन-चार आठवडे वेळ बदलून जेवा, नवी वेळ शिकतं."

"ज्याला जठर आहे त्याचं," दाजी म्हणाले.

"हो. ज्याला आहे त्याचं."

परतीला रिक्षा केली. विश्रामबागच्या घरापाशी उतरताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "मला वाटलं रे, माझ्या हाताची चव गेली."

त्या घराची एक रीत होती, ती इथंच सांगून टाकतो. अक्का लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की पुरुषाला जेवायला बोलवायचं नसतं. भूक लागली की तो सांगतो. आपण तयार असायचं. आणि त्याचं झालं की मग आपण बसायचं. सासूबाई कधीच गेल्या. पण जुनी कपाटं भिंतीला धरून राहतात तशी रीत राहिली. दाजी दौऱ्यावरून यायचे, पाय धुवायचे, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकच शब्द म्हणायचे, "वाढ." तो शब्द साडेबाराला यायचा, कधी दोनला, कधी तीनला. तो आला की आतून लगेच ताटाचा आवाज. नवराबायकोंचं आपसांत मी जे काही बोलणं ऐकलं, त्यातलं निम्मं हा एक शब्दच होता.

आणि आता तो बंद झाला होता.

आठ-दहा दिवसांनी मी असाच त्यांच्याकडे टपकलो. दुपार चांगलीच कलली होती. दाजी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. तोच पेपर, ज्यात मी तेव्हा कामाला होतो, आणि तो इतका वेळ वाचण्यासारखा नव्हता हे मी खात्रीनं सांगू शकतो. आत गेलो तर अक्का ओट्यापाशी पाटावर बसलेली, सगळी भांडी झाकलेली.

"जेवलीस?"

"व्हायचंय."

"आणि दाजी?"

"सकाळी दूध घेतलं त्यांनी."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले? सहा वेळा! हाक मार की त्यांना. म्हण, जेवायला चला."

"तसं कसं म्हणायचं?"

"तोंडानं म्हणायचं!"

"एकदा म्हटलं रे," अक्का हळूच म्हणाली. "परवा. म्हटलं, वाढू का? तर म्हणाले, मला नकोय, तू घाई करू नकोस. मग बसले पेपर घेऊन. त्यांना असं वाटायला नको की मी मागं लागलेय. आधीच माणूस आजारी."

"आणि तू? तू काल कधी जेवलीस?"

तिनं एक झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं.

मी बाहेर येऊन दाजींवर तोंडसुख घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरे, भूक नसताना जेवणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं. तिनं एवढं रांधायचं आणि मी पुठ्ठा म्हणून चघळायचं? त्यापेक्षा नको ना."

मी बाजारात जाऊन गजराचं घड्याळ आणलं, सहा वेळा वाजणारं. दाजी दोन दिवस त्याच्या हुकमात राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, शाळेची घंटा वाजल्यावर डबा खायला मी बालवाडीतला नाही, आणि ते उचलून त्यांनी कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली दाबलं. पुढं कितीतरी दिवस त्या घरात बोलता बोलता मधेच स्वेटरांतून कण्हल्याचा आवाज यायचा. पाहुणे दचकायचे. दाजी म्हणायचे, "काही नाही, जेवायची वेळ झाली."

शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. मी परत दवाखान्याचं नाव काढलं की एकच उत्तर: "त्या काट्यावर शिक्का नाही."

एके दिवशी मी चिडून म्हणालो, "मग शिक्क्याच्या काट्यावर चला!"

"चल," दाजी म्हणाले.

आम्ही मार्केट यार्डात गेलो, हळदीच्या पेठेत. पोपटशेठांच्या दुकानात वजनाचा मोठा पाट होता, पोती तोलायचा. दाजींनी तो वर्षानुवर्षं स्वतः पडताळला होता. पोपटशेठ गादीवरून उठून उभे राहिले. "या या साहेब! चहा सांगू?"

"चहा नको. मला तोला."

"अं?"

"पोतं उतरवा आणि मला तोला. हा काटा खोटं बोलणार नाही."

हमालांनी पाटावरचं पोतं बाजूला घेतलं. दाजी चपला काढून वर चढले आणि देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे राहिले, म्हणजे हात काट्याला लागायला नकोत. दांडीवरचा गोळा सरकवताना हमाल आधीच्या पोत्याच्या खुणेपाशी थांबला. दांडी हलली नाही. त्यानं गोळा मागं घेतला. अजून मागं. अजून.

हळदीचं पोतं दाजींपेक्षा जड निघालं.

व्यापारात वाळून माल हलका झाला की त्याला घट म्हणतात. पोपटशेठ चांगला माणूस, पण चाळीस वर्षं एकच भाषा बोललेला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लई घट आली साहेब."

दाजी खाली उतरले. त्यांनी काट्याचा शिक्का बोटानं चाचपला. "बरोबर आहे," म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. अक्कानं दार उघडलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी आत शिरायला लागलो, पण दाजी उंबऱ्यावरच थांबले होते. ते तिच्याकडे बघत होते. बाजारात ते एखाद्या तराजूकडे बघायचे तसे, न हलता, न बोलता.

"काय झालं?" अक्कानं घाबरून विचारलं. "वजन केलंत का?"

दाजी पाय न धुता तसेच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "वाढ."

अक्का जागच्या जागी वळली. मग एकदम धावपळ. ताट, वाटी, तवा, पळीचा आवाज. मी पुढच्या खोलीत बसून तो आवाज ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, आली एकदाची. विज्ञान काही का म्हणेना.

"दोन ताटं घे," आतून दाजींचा आवाज आला.

"भानू जेवणार आहे?"

"त्याचं तो बघेल. तुझं घे."

त्यानंतर त्या घरात "वाढ" पुन्हा सुरू झालं. सकाळी नऊला, अकराला, एकला, चारला, संध्याकाळी, झोपण्याआधी. दाजी चार घास खायचे, चिमणीएवढे, चावून चावून. समोर अक्का खायची. पहिल्या दिवशी तिनं नवऱ्यासमोर बसायचं म्हणून तोंड अर्धं भिंतीकडे केलं होतं. महिन्याभरात ती त्यांच्या पानातली उरलेली भाजी बोलता बोलता स्वतःच्या पानात ओढायला लागली. दाजींचं वजन उतरायचं थांबलं. अक्का, जी जन्मात कधी किडकिडीतशिवाय दिसली नव्हती, तिच्या ब्लाउजांच्या शिवणी उसवायला लागल्या. पुढच्या तपासणीला शिरगुप्प्यांनी काट्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं आणि मला म्हणाले, "औषध नक्की कोण घेतंय?"

"पण डॉक्टर, भूक परत आली ना," मी म्हणालो. "दिवसातून सहा वेळा."

"आली?" शिरगुप्पे विचारात पडले. "इतक्या लवकर? तसं होत नाही सहसा. साहेब, खरंच लागते?"

"लागते की," दाजी म्हणाले, आणि लगेच काट्याकडे वळून, "शिक्का मारून घेतलात वाटतं! छान."

मला राहवेना. त्यांच्या परसात एक पेरूचं झाड होतं, त्याखाली दोन खुर्च्या. तिथं एका सकाळी मी त्यांना गाठलं.

"दाजी, खरं सांगा. भूक लागते?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथून आवाज पोचणार नाही याची खात्री केली.

"मला कुठली लागणार? कारकून गेला तो गेला."

"मग?"

"हिला लागते."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आता बघ," ते म्हणाले. "तिकडं बघ, खिडकीतून. ती डबे हलवतेय का?"

अक्का फळीवरचा एक डबा उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवत होती. मग तो परत पहिल्या जागी.

"हे पहिलं. आता थोड्या वेळात कबुतरांवर ओरडेल. त्यांनी काही केलेलं नसतं. मग पदर खोचेल, सोडेल, परत खोचेल. तेव्हा समजायचं, आता बाईला उभं राहवत नाही."

"हाऽऽ मेल्यांनो!" खिडकीतून अक्काचा आवाज आला. कबुतरं उडाली.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ते नाही हसले.

"चार आणि अकराची भूक तिला नव्हती आधी," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते ना, वेळ शिकतं म्हणून? मला सहा वेळा जेवायला हवं, तर तिला सहा वेळा भूक लागायला हवी. मग दोन-तीन आठवडे मीच आपला जाऊन म्हणायचो, वाढ, तू पण घे. लागली सवय. आता मला घड्याळ लागत नाही. ती भुकेजलेली बघवत नाही म्हणून मी जेवतो. पुठ्ठा तर पुठ्ठा."

"भारी डोकं चालवलंत दाजी!"

"डोकं कसलं." त्यांनी पेरूचं एक वाळकं पान खुर्चीच्या दांडीवर सपाट केलं. "तीस वर्षं मी बाजार फिरलो भानू. तराजू धरलेल्या माणसाच्या नुसत्या करंगळीवरून मला कळायचं, हा दांडी मारतोय म्हणून. आणि त्या दिवशी यार्डातून आलो, ही दार धरून उभी होती. ओठ पांढरे पडलेले. मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे पहिल्यांदाच रे. मग डोक्यात आलं, हिचे हे ओठ असे मी पूर्वीही पाहिलेत. विट्याहून तीनला यायचो तेव्हा. सभा लांबली, कुणी चहाला बसवून घेतलं, तेव्हा. असंच दार धरून उभी असायची. आणि मी काय म्हणायचो? वाढ. मला भूक लागली म्हणून. ही पहाटेची उठलेली असायची."

"ती कधी बोलली नाही."

"ती बोलली नाही. मी विचारलं नाही." पानाचा चुरा झाला. "पोट होतं तोवर मला स्वतःचंच ऐकू यायचं. इतकं मोठ्यानं ओरडायचं ते, की दुसरं काही कानावर पडायचंच नाही. ते काढल्यावर घरात शांत झालं, तेव्हा तिचं ऐकू आलं. आता किती दिवस ऐकणार मी?"

"असं काय बोलता? तिला सांगा की हे."

"काय सांगू?"

"हेच. जे मला सांगितलंत ते."

"वेड लागलंय का तुला? या वयात?" ते उठले. आत अक्कानं पदर खोचला होता. "तू पण काही बोलू नकोस. चल, तिची वेळ झाली."

आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, जरबेच्या जुन्या आवाजात, "वाढ!"

गाठ परत आली. या खेपेला यकृतात. शिरगुप्प्यांनी कागद पालथा केला नाही, चित्र काढलं नाही. तरी दाजींनी जवळजवळ दोन वर्षं काढली, डॉक्टर म्हणाले त्यापेक्षा बरीच जास्त. शेवटी शेवटी गळ्याखाली पाणीसुद्धा उतरायचं नाही, तेव्हाही अंथरुणावरून मान वळवून बघायचे आणि हातानं ताटाची खूण करायचे. अक्का समोर बसून खायची. ते बघायचे.

तेराव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पुढच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसलो होतो. बडोद्याहून आलेली त्यांची मुलगी, मी, शेजारपाजारचे दोघे-तिघे, आणि भिंतीला टेकून इस्लामपूरच्या वन्सं, दाजींच्या थोरल्या बहीण. वन्सं म्हणजे सासूबाईंची दुसरी आवृत्ती असं अक्का पूर्वी म्हणायची, अर्थात माझ्यापाशी. कुणीतरी दाजींच्या जिलब्यांचा किस्सा सांगत होतं. किस्सा संपला, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत अक्काचं पोट गुरगुरलं.

चांगलं मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले. मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते.

अक्का लाल झाली. उठून आत गेली. मी थोडा वेळ थांबून मागोमाग गेलो. ती ओट्याला धरून उभी होती. फळीवरचे डबे जागच्या जागी होते.

"लाज वाटते रे," ती म्हणाली. "माणूस जाऊन बारा दिवस झाले नाहीत आणि मला दिवसातून सहा वेळा भूक लागते. अगदी वेळेवर. त्यांचीच वेळ. गिळवत तर नाही, पण लागते."

"मग खात का नाहीस?"

"कुणी म्हटल्याशिवाय कशी घेऊ?"

मला वाटलं आता सांगून टाकावं. माणूस गेल्यावर गुपित कसलं? मी म्हणालो, "अक्का, दाजींची भूक परत आली नव्हती. ते..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"त्यांना भूक लागत नव्हती ते. पहिल्या दिवसापासून." तिनं पदरानं ओटा पुसला, जो स्वच्छच होता. "भुकेजलेला माणूस पानाकडे बघतो रे. मी इतकी वर्षं वाढलंय त्यांना, मला ठाऊक नाही होय? वाढताना ते कधी वर मान करून बघायचे नाहीत. आणि आजारपणात बघावं तर पानाकडे नजरच नाही. माझ्याकडे बघायचे."

खिडकीत एक कबूतर येऊन बसलं. तिनं त्याला काही म्हटलं नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदाच बघत होते भानू. बोलून थांबवू?"

इतकी वर्षं पेपरात लिहिण्याचा पगार घेतलेला माणूस मी, आणि मला एक वाक्य सुचेना. मग मी मूर्खासारखा दारापाशी गेलो, वळलो आणि जमेल तितकं दाजींसारखं म्हणालो, "वाढ."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तू नको म्हणूस," ती म्हणाली.

आणि मला ओलांडून ती पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी माना वर केल्या. तिनं एकदा दाजींच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. पदर खोचला.

"वन्सं," अक्का म्हणाली, "मला भूक लागलीय."

असं ती आयुष्यात आधी कधी म्हणाली असेल तर ते लहानपणी, आमच्या आईला. मी वन्संकडे बघत होतो. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

वन्संनी चष्मा सारखा केला.

"अगं मग जेव की बाई," त्या म्हणाल्या. "एवढंच ना? सांगायचं नाहीस होय?"

अक्का दारात तशीच उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"राहिलं बघा सांगायचं," ती म्हणाली.